मापांच्या वह्या जपायला हव्यात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत जुन्या फॅशनवरचा लेख वाचला. साठ-सत्तरच्या दशकातली पोरं सिनेमा पाहून वेडावली, पँटच्या मोहऱ्या, म्हणजे पायाशी येणारा घेर, मोजत बसली, असा त्याचा सूर आहे. त्या मोहऱ्या मी मोजल्या आहेत. अंबाजोगाईत १९५५ साली मशीनवर बसलो, तेव्हा चौदा वर्षांचा होतो.

वडिलांची मापाची वही माझ्याकडे आहे. निजामाच्या राजवटीत ते उर्दू शाळेत शिकले, म्हणून ती वही उजवीकडून उघडते. आकडे मला वाचता येतात, नावं येत नाहीत. शेरवान्या, पायजमे, कोट; शिलाई हाली, म्हणजे निजामाच्या, रुपयांत. निजामाचं राज्य संपवणाऱ्या १९४८ च्या पोलीस अ‍ॅक्शननंतरही काही वर्षं हाली आणि कलदार, म्हणजे भारत सरकारचे, असे दोन्ही रुपये चालायचे. सात हालीला सहा कलदार हा हिशेब वडील समासात मांडत. त्याच वहीची डावी बाजू मी धरली, मराठीतून. माझ्या बाजूला शेरवानी जवळजवळ नाहीच.

जून १९५९ मधली एक नोंद मी पुन्हा पुन्हा काढून बघतो. कंबर २५ खोडून २६, लांबी ३८, मोहरी १६. नावाच्या जागी फक्त ‘मिलिंद’. पोरगा जवळच्या खेड्यातल्या दलित वस्तीतला. डॉ. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला काढलेल्या मिलिंद कॉलेजात त्याचं नाव लागलं होतं. आमच्या दुकानात त्या वस्तीतल्या गिऱ्हाइकाला टेप लावत नसत. त्यानं पायरीखाली उभं राहायचं, वडील नजरेनं माप घेणार. हे मी लपवत नाही. त्या दिवशी वडील बाहेर गेले होते. मी पोराला वर घेतलं आणि कमरेला टेप लावली. त्यानं श्वास रोखून धरला होता, म्हणून २५ आलं. ‘श्वास सोड बाबा’ म्हणालो आणि पुन्हा मोजलं. संध्याकाळी वडील माझ्याशी बोलले नाहीत. पँट मात्र त्यांनीच बेतली. त्या पोराच्या घरातली ती पहिली पँट. तिला सिनेमाची नक्कल म्हटलेलं मला सहन होत नाही.

सिनेमाचा, रेडिओचा वाटा होताच. समोरच्या हॉटेलात रेडिओ होता. १९५२ पासून केसकर माहिती-नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवर सिनेमाची गाणी लागेनाशी झाली, म्हणून पोरं रेडिओ सिलोन लावायला सांगत. बुधवारी रात्री आठ वाजता बिनाका गीतमाला सुरू झाली की मला मशीन थांबवावं लागे. खडखडाटात अमीन सयानींचा आवाज ऐकू येत नाही म्हणून पोरं ओरडायची.

पण टेरिकॉट, म्हणजे सुती आणि पॉलिएस्टर मिसळलेलं कापड, इतकं का चाललं, हे लेखात कुठंच नाही. खोली करून राहणाऱ्या पोराकडे पँट एकच असायची. सुती पँट पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नसे, वर कोळशाची इस्त्री. टेरिकॉटची रात्री धुऊन दोरीवर टाकली की सकाळी बिनइस्त्रीची अंगात.

बेलबॉटमचंही तसंच. १९७२ च्या दुष्काळात लग्नसराई बुडाली, आमची गिऱ्हाइकं खडी फोडायला गेली. पुढे तीच पोरं जुन्या तंग पँटी घेऊन आली, ‘मोहरी २४ करा’ म्हणून. नव्या कापडाला पैसे नव्हते. गुडघ्याखालची शिवण उसवायची आणि मिळेल त्या रंगाची कळी, म्हणजे त्रिकोणी तुकडा, घालायची. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनाचा मोर्चा दुकानावरून गेला, तेव्हा त्या दुरंगी मोहऱ्या मी बसल्या जागेवरून ओळखल्या. ही पोरं नोकऱ्या आणि रुंद रुळांची (ब्रॉडगेज) रेल्वे मागत होती.

दर १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्रामावर लिहून येतं, यायलाच हवं. पण पुढच्या पंचवीस वर्षांत इथली पोरं कशी राहिली, हे शिंप्यांच्या वह्यांत आणि फोटो स्टुडिओंच्या निगेटिव्हमध्ये पडून आहे. आमच्या शेजारच्या स्टुडिओच्या निगेटिव्ह दोन वर्षांपूर्वी भंगारात गेल्या. आपण वाचकांना आवाहन करावं, एखाद्या कॉलेजच्या इतिहास विभागानं हे सगळं गोळा करावं. माझ्या चारही वह्या मी देतो. वडिलांच्या बाजूची आठ पानं वाळवीनं खाल्ली आहेत. उर्दू वाचणारं कुणी असेल तर त्यांनी लवकर यावं.

— एक निवृत्त शिंपी, अंबाजोगाई (जि. बीड)