आखाजीला न संपणारा करार

आदरणीय आबा,

सप्रेम सलाम.

हे पत्र तुमच्या हाती न देता सर्वांसमोर लिहितो आहे, याचा तुम्हाला संकोच वाटेल हे मी जाणतो. पण तुमच्या डोळ्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही. नातू ते मोठ्याने वाचून दाखवील आणि ओट्यावर बसलेले चार जण ऐकतीलच, तेव्हा ते आधीपासून उघडे असलेले बरे. शिवाय उपासनेत ख्रिस्ताच्या आठवणीने वाटायच्या भाकरीचे, म्हणजे प्रभुभोजनाचे, ताट समोर आले की मान खाली घालून ते शेजाऱ्याकडे सरकवणारा माणूस आपल्या मंडळीत मी एकटाच नसेन, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. त्यांच्याही कानी हे पडावे.

माझी हकिगत गावाला ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. पांझरेकाठची अडीच एकर गाळाची जमीन धाकट्याच्या नावे लिहून ठेवतो, असे वडिलांनी सांगितले, त्या दिवशी मी चारचौघांत त्यांना जे बोललो ते कागदावर उतरवण्याजोगे नाही. त्यानंतर चौदा महिने एकाच गल्लीत राहून आम्ही एकमेकांशी शब्द बोललो नाही. निरोप आला म्हणून मी धुळ्याच्या दवाखान्यात धावत गेलो, तेव्हा चादर त्यांच्या तोंडावर ओढून झालेली होती. दफनविधीला मी खांदा दिला, माती लोटली आणि घरी येऊन जमिनीच्या फेरफारावर तलाठ्याकडे हरकतही नोंदवली. मी गावच्या सोसायटीत हिशेब लिहिणारा माणूस आहे. जमा कोणती, नावे कोणती, हे मला झोपेतही कळते. देवाच्या वहीत माझ्या नावे काय पडले असेल, याचाही हिशेब मी मांडून टाकला, आणि पुढचे अकरा महिने प्रभुभोजनाचे ताट माझ्या हातातून तसेच पुढे जात राहिले.

हे कोणाच्या लक्षात आले नाही. निदान कोणी बोलले तरी नाही. लक्षात आले ते तुमच्या, कारण उपासना संपल्यावर खिडक्या लावायचे काम तुमचे आणि तुम्ही बसता तेही शेवटच्याच बाकावर. वैशाखातला तो रविवार होता, पत्रे तापून कडकड वाजत होते. तुम्ही शेवटच्या खिडकीची कडी घातली, खांद्यावरच्या पंच्याने बाकावरची धूळ झटकली, माझ्या शेजारी बसलात आणि विचारलेत, की भाऊ, किती खाडे झाले?

खाडे हा शब्द तुमच्या तोंडून आला आणि मला हसूही आले नाही, रडूही आले नाही. तुम्ही एकेचाळीस वर्षे सालदारकी केलीत. ज्यांना हे जग ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, की आपल्या खान्देशात सालदाराचे, म्हणजे सालभराच्या करारावर राबणाऱ्या शेतगड्याचे, वर्ष अक्षय तृतीयेला, म्हणजे आखाजीला भरते. आदल्या वर्षाचा हिशेब त्या दिवशी होतो, घेतलेली उचल वळती होते, आजारपणाचे किंवा लग्नकार्याचे जे खाडे पडले असतील ते भरून द्यावे लागतात आणि मालकाची मर्जी असेल तर पुढचे साल ठरते. तुम्हाला एका वर्षी हिवतापाने सतरा दिवस अंथरुणावर पाडले होते आणि ते सतरा दिवस तुम्ही आखाजीनंतरच्या उन्हात नांगरटीची ढेकळे फोडून भरून दिले होते, हे तुम्ही मला त्या दुपारी सांगितलेत. आखाजीच्या आदल्या रात्री घरात झोप कशी नसे, भांडी बोचक्यात बांधायची की चुलीपाशीच राहू द्यायची हे काकूंना कसे ठरवता येत नसे, तेही सांगितलेत. आणि मग त्याच मळ्यातल्या मालकाच्या मुलाचे सांगितलेत. त्याने बैलगाडीचा जू मोडला होता, रात्री-अपरात्री यायचा, बापाचा ओरडा खायचा. पण आखाजीला त्याला कोणी विचारले नाही, की बाबा, पुढच्या साली राहणार की जाणार.

‘सालदारनं साल भरस, भाऊ. पोऱ्यानं साल कोठे भरस?’

हे तुमचे वाक्य मी अहिराणीतच ठेवतो, कारण ते प्रमाण मराठीत आणले की त्याचे वजन कमी होते. त्यानंतर तुम्ही योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय काढलात, पस्तिसाव्या ओवीवर बोट ठेवलेत आणि एकेक अक्षर जुळवत वाचलेत, की दास घरात सर्वकाळ राहत नाही, पुत्र सर्वकाळ राहतो. मी लहानपणापासून मंडळीत वाढलो, संडेस्कूलमध्ये वचने पाठ करून बक्षिसे मिळवली, पण ही ओवी सालदार असलेल्या माणसाच्या तोंडून ऐकेपर्यंत मला तिचा अर्थ लागला नव्हता. लूकच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या मुलगाही घरी येताना सालदारकीच मागायचे ठरवून आला होता. मला आपल्या मोलकऱ्यासारखे ठेवा, हे वाक्य त्याने वाटेत तयार केले होते. प्रत्यक्षात बापासमोर त्याला ते म्हणताच आले नाही, कारण तिथपर्यंत पोहोचण्याआधीच बापाने झग्याची आणि अंगठीची आज्ञा सोडली होती.

इथे मला तुमचे आणखी एका गोष्टीसाठी आभार मानायचे आहेत. मी तुम्हाला विचारले होते, की वडिलांनी जाताना मला क्षमा केली असेल का. दुसरा कोणी असता तर ‘केलीच असेल, बापाचे काळीज असते’ असे म्हणून त्याने माझे समाधान केले असते. तुम्ही सरळ म्हणालात, की ते मला ठाऊक नाही, आणि तुलाही ते या जन्मी कळणार नाही. त्या उत्तराने मला त्या क्षणी लागले. पण पुढे तुम्ही जे सांगितलेत त्यावर माझा विश्वास बसला तो त्याच उत्तरामुळे. जो माणूस सोयीसाठी खोटे बोलत नाही, त्याचे बाकीचे बोलणेही ऐकावेसे वाटते.

तुम्ही उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायातली, देवाने अब्रामाशी केलेल्या कराराची गोष्ट सांगितलीत. तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी, तीन वर्षांचा एडका, एक होला आणि पारव्याचे पिलू. जनावरे मधोमध चिरून समोरासमोर ठेवलेली. त्या काळी करार करणारे अशा तुकड्यांमधून चालत जात आणि करार मोडला तर माझीही हीच गत होवो, असे त्यातून कबूल करत. यिर्मयाच्या चौतिसाव्या अध्यायात वासराच्या दोन भागांमधून गेलेल्या लोकांना देवाने त्याच कबुलीची आठवण दिली आहे. हिब्रूत करार ‘कापतात’, ते यामुळेच. आता या तुकड्यांमधून दोघांनी जायचे, तर देवाची खूण असलेली धुमसणारी भट्टी आणि जळती मशाल तेवढी गेली. ‘अब्राम तं झोपेल व्हता, भाऊ,’ असे म्हणून तुम्ही खळखळून हसलात. आयुष्यभर अंगठा उठवून देणाऱ्या माणसाला हा करार किती गमतीचा वाटत असेल, ते मला तेव्हा कळले. इथे अंगठा एकट्या मालकाचाच होता.

त्यानंतर मी घरी बसून वाचू लागलो, आणि तुम्ही बोटाने दाखवलेली ती एकच वाट शास्त्रभर, म्हणजे बायबलभर, कशी गेली आहे ते मला दिसत गेले. जुन्या करारात ‘हेसेद’ हा हिब्रू शब्द जवळजवळ २५० वेळा येतो आणि त्यातले निम्मे तरी स्तोत्रांतच आहेत. करारात बांधून घेतलेल्याने सोडून न देता केलेले प्रेम, असा त्याचा अर्थ. मराठी शास्त्रात त्यासाठी कुठे ‘दया’ येते, कुठे ‘वात्सल्य’. मला स्वतःला वात्सल्य अधिक जवळचे वाटते, कारण त्यात वत्स आहे, वासरू आहे, आणि वासरू आपल्या गायीशी कोणताही हिशेब ठेवत नाही. मात्र १३६व्या स्तोत्रात दयाच हवी. पाळकसाहेब अर्धी ओवी म्हणतात आणि मंडळी ‘कारण त्याची दया सनातन आहे’ असे उत्तर देते, ते सव्वीस वेळा. लहानपणी मला त्याचा कंटाळा यायचा. सृष्टीच्या निर्मितीपासून, फारोपासून, बाशानचा राजा ओग याच्यापासून रोजच्या अन्नापर्यंत येणारे ते स्तोत्र प्रत्येक पायरीवर एकच गोष्ट का सांगते, हे हिशेब लिहिणाऱ्याला कळायला हवे होते. प्रत्येक नोंदीपुढे तोच एक शेरा आहे.

माझ्यासाठी सर्वांत मोठी गोष्ट ठरली ती मफीबोशेथाची. तो दाविदाचा जिवलग मित्र योनाथान याचा मुलगा, पाच वर्षांचा असताना दाईच्या हातून पडून दोन्ही पायांनी अधू झालेला. दाविदाने त्याला लो-दबाराहून बोलावून राजाच्या पंक्तीला बसवले. त्याची स्वतःची काही कमाई नव्हती, दाविदाने त्याच्या बापाशी केलेल्या करारामुळे हे झाले. २ शमुवेलाचा नववा अध्याय संपतो तेव्हाही लेखक लिहितो, की तो दोन्ही पायांनी लंगडा होता. पंक्तीला बसून पाय बरे झाले नाहीत, आणि पाय बरे होईनात म्हणून पंगतीतले त्याचे स्थानही गेले नाही. पुढे त्याचा चाकर सीबा याने त्याच्याविषयी चहाडी केली, राजाचे मन त्याच्याविषयी साशंक झाले, शेवटी राजाने तू आणि सीबा शेत वाटून घ्या असा निवाडा दिला. त्यावर हा माणूस म्हणाला, की राजा सुखरूप परत आला, आता त्याने सगळेच घेतले तरी चालेल. ही ओवी वाचली त्या रात्री मला गाळाचे अडीच एकर आठवले. त्याविषयी पुढे सांगतो.

मग मला बाधा होती ती एका वचनाची. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात अयोग्य प्रकारे भाकर खाण्याविषयी इशारा आहे आणि मी अकरा महिने त्याच्या आडोशाला बसलो होतो. तुम्ही मला पुढची ओवी वाचायला लावलीत. माणसाने आत्मपरीक्षा करावी आणि मग खावे, असे पौल म्हणतो. परीक्षा करून उपाशी उठावे, असे तो म्हणत नाही. त्याचा राग होता तो पोटभर जेवून गरिबांना उपाशी ठेवणाऱ्या पंक्तीवर. आणि लूकच्या बाविसाव्या अध्यायात ‘हा प्याला माझ्या रक्तात नवा करार आहे’ असे प्रभूने म्हटले, ते ज्यांच्यासमोर म्हटले त्यांतला शिष्य पेत्र कोंबडा आरवण्यापूर्वी प्रभूला तीनदा नाकारणार हे त्याच जेवणावर सांगून झाले. प्याला मात्र परत घेतला गेला नाही.

याने माणूस सोकावतो, असे आपल्यातल्या काही वडीलधाऱ्यांना वाटते, आणि ती शंका अगदीच पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. पण ८९व्या स्तोत्रात दोन्ही गोष्टी एका दमात आहेत. मुलांनी नियमशास्त्र सोडले तर मी छडीने समाचार घेईन, पण माझे वात्सल्य काढून घेणार नाही आणि माझा करार मोडणार नाही. छडी मलाही बसली, ती अजून दुखते. तुमचा अनुभव तर याहून साधा आहे. रात्री गाय अडली तर सालदार आधी मालकाला उठवतो, पोरगा आधी गोठ्यात जातो.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली होती. इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायात आशेला जिवाचा नांगर म्हटले आहे. समुद्र न पाहिलेल्या माझ्यासारख्या मुलाला संडेस्कूलमध्ये तो शेतातला नांगरच वाटायचा, आणि जीव नांगरून काढणारी आशा ही काय भानगड आहे असे मला पुष्कळ दिवस कळत नव्हते. जहाज धरून ठेवणाऱ्या लोखंडालाही नांगर म्हणतात हे फार उशिरा समजले. तिथेच लिहिले आहे, की शपथ वाहायला आपल्याहून मोठा कोणी नसल्यामुळे देवाने स्वतःचीच शपथ वाहिली. तरी माझ्यापुरते सांगायचे तर मला दोन्ही नांगर लागले, आधी शेतातला आणि मग जहाजाचा.

त्या दुपारनंतरच्या प्रभुभोजनाला ताट माझ्यापाशी आले तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिले नाही, मुद्दाम समोरच्या भिंतीकडे पाहत राहिलात. त्याबद्दलही आभार. पावाचा तुकडा बोटांत धरता येईना, इतका हात थरथरत होता. तो मी तळहातावर घेऊन तोंडात टाकला.

गेल्या मंगळवारी तलाठी कार्यालयात जाऊन फेरफारावरची हरकत मागे घेतली. धाकट्याला अजून काही बोललो नाही, कागद हाती आला की त्याला कळेलच. आखाजीला तुम्ही लेकीकडून इकडे या. घरात खापरावरच्या पोळ्या आणि आमरस ठरला आहे, धाकटाही मुलांना घेऊन यायचा आहे, आणि तुमची खाट बाहेर निंबाखाली टाकतो.

तुमचा,
भाऊ