बाबा, मी लस मनापासून घेतली

हडपसर, पुणे
रविवार, ७ मार्च २०२१

ती. आई आणि ती. बाबा यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल रात्री फोनवरचं बोलणं अर्धवट राहिलं. बाबा, तुमचा आवाज चढला, माझाही चढला, आणि मग आईनं फोन घेऊन "जेवलीस का?" विचारलं. हडपसरहून सदाशिव पेठ काही लांब नाही, पण समोर बसले की मी पुन्हा वाद घालीन. म्हणून लिहिते आहे.

तुम्ही विचारलंत, "तुम्ही डॉक्टर मंडळींनी लस मनापासून घेतली की नोकरीपायी?" सारसबागेत भेटणाऱ्या काकांनी सांगितलं म्हणे, की सगळ्यांना धरून टोचलं. तसं झालं नाही. कोविडची लस ऐच्छिक होती, आजही आहे. १६ जानेवारीला आमच्या केंद्रावर १०० जणांची यादी होती आणि दुपारपर्यंत निम्मेही आले नव्हते. न आलेल्यांत डॉक्टर होते, सिस्टर होत्या, वॉर्डातल्या मावश्या होत्या. त्यांना कोणी एक शब्द बोललं नाही. मलाही आदल्या रात्री झोप लागली नव्हती. भीती वाटत होती, तुमच्यापासून काय लपवायचं. तरी गेले. का गेले, ते कधी सांगितलं नाही.

ऑगस्टमध्ये मी पॉझिटिव्ह आले तेव्हा "लक्षणं काही नाहीत, काळजी करू नका" एवढंच कळवलं होतं. ते खरंच होतं. सगळ्या स्टाफची तपासणी झाली म्हणून कळलं, नाहीतर मला पत्ताही लागला नसता. पण त्याआधीचे दोन दिवस मी कोविड नसलेल्या वॉर्डात काम करत होते. तिथे एक आजोबा होते, बाबा, तुमच्याच वयाचे, हृदयाच्या त्रासानं आलेले. त्यांच्या पायांची सूज मी दाबून पाहिली, छाती तपासली. चष्म्याची काडी निघाली होती, ती बसवून दिली. मास्क होता, हातमोजे होते. आठवड्यानं ते पॉझिटिव्ह आले आणि पुढच्या आठवड्यात गेले.

त्यांना लागण माझ्याकडून झाली का, हे कोणालाच सांगता येणार नाही. भेटायला आलेल्या कोणाकडून झाली असेल, शेजारच्या खाटेवरून झाली असेल. सर मला हेच समजावत राहिले. पण रात्री डोळे मिटले की मला ती चष्म्याची काडी दिसते. दिवाळीत मी वर आले नाही, जिन्याखालूनच फराळाचा डबा घेऊन परतले. त्यावर आई दोन दिवस रुसली होती. आई, ते यामुळे गं.

शिवाय मी विलगीकरणात बसले तेवढे दिवस माझ्या वाटणीच्या ड्यूट्या दोघी मैत्रिणींनी ओढल्या. पीपीई किट घालून सहा-सहा तास, पाणी नाही, बाथरूम नाही. एक डॉक्टर घरी बसला की वॉर्डातले तीस पेशंट दुसऱ्याच्या अंगावर पडतात. लस घेताना हा हिशेबही डोक्यात असतो. लस घेतली म्हणजे कोविड होणारच नाही असं नाही, मी अजून मास्क लावतेच. पण आजार गंभीर वळणावर जाण्याची शक्यता लसीनं खूप घटते, आणि आम्हाला उभं राहायचं असतं.

तसंही लस आमच्या कामातलीच गोष्ट आहे. वॉर्डात पाय ठेवण्याआधी आम्हाला हिपॅटायटिस बीची, म्हणजे त्या वाईट काविळीची लस देतात. तीन डोस: पहिला, मग महिन्यानं, मग सहाव्या महिन्यात. इंटर्न असताना पहाटे तीन वाजता रक्त काढताना मला सुई टोचली होती. पेशंटला तीच कावीळ होती. लस नसलेल्या माणसाला अशा सुईतून तो आजार होण्याची शक्यता शंभरात तीसपर्यंत जाऊ शकते. माझ्या रक्तात लसीनं तयार झालेली, आजाराशी लढणारी प्रतिपिंडं पुरेशी होती. हात धुतला, नोंद केली आणि पुढच्या खाटेकडे गेले. ही गोष्ट तुम्ही आज पहिल्यांदा वाचता आहात.

तुमचा दुसरा मुद्दा, इतक्या घाईत केलेल्या लसीचा. प्रश्न रास्त आहे. पण ऑक्सफर्डच्या या लसीचं तंत्र कोविडसाठी शून्यातून उभं केलेलं नाही. मर्स नावाच्या याच कुळातल्या आजारासाठी त्यावर आधीच काम झालं होतं. चाचण्यांचे टप्पे गाळले नाहीत, एकात एक गुंफले. आपल्या पुण्यातच, भारती हॉस्पिटलमध्ये, ऑगस्ट २०२० मध्ये स्वयंसेवकांना ती टोचली गेली. मान्यता मिळण्याआधीच ही लस बनवणाऱ्या सीरमनं उत्पादनाला हात घातला होता, नाहीतर मंजुरीनंतर आणखी कित्येक महिने गेले असते. त्रास अजिबात होत नाही असं मात्र कुठलाही डॉक्टर म्हणणार नाही. म्हणूनच टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात. मला त्या रात्री ताप आला, अंग ठणकलं. पॅरासिटामॉल घेतली, दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर होते.

बाबा, आजीच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. तुमच्या दंडावर एकच वण आहे, तोही टोचल्याचा. आजी सांगायची, देवी टोचायला माणूस आला की वाड्यातल्या बायका पोरांना माळ्यावर लपवायच्या, आणि तिनं मात्र तुम्हाला स्वतः हाताला धरून पुढे नेलं. १९७५ नंतर या देशात देवीचा रोगी सापडलेला नाही.

येत्या बुधवारी सावित्रीबाईंचा स्मृतिदिन. प्लेगमध्ये त्यांनी मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन इथे हडपसरला, ससाणे मळ्यातल्या त्यांच्या मुलाच्या, डॉक्टर यशवंतरावांच्या दवाखान्यात आणलं, आणि सावित्रीबाईंनाच लागण झाली. मी रोज त्या बाजूनं जाते. त्याच वर्षी, १० जानेवारी १८९७ ला, मुंबईत हाफकिन या शास्त्रज्ञांनी प्लेगची नवी लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. सावित्रीबाई गेल्या १० मार्चला. मध्ये बरोबर दोन महिने. मी हे दोन दिनांक कधीच शेजारी ठेवून पाहिले नव्हते. परवा पाहिले आणि बराच वेळ नुसती बसून राहिले.

आकडे पुन्हा चढायला लागले आहेत. बाबांची साखर, आईचा दमा, आणि मी रोज रात्री तुमच्याच वयाची माणसं ऑक्सिजनवर बघते. साठीच्या पुढच्यांना १ तारखेपासून लस सुरू झाली आहे. मी तुमच्या दोघांची नावं नोंदवली आहेत, शुक्रवारी सकाळी साडेदहाची वेळ मिळाली आहे. तुम्ही नाही म्हणालात तर मी रद्द करीन, रागावणार नाही. पण मी सुट्टी काढली आहे आणि साडेनऊला रिक्षा घेऊन खाली उभी असेन.

नाश्ता करून निघा. बीपीची गोळी चुकवू नका. बाबा, अर्ध्या बाहीचा सदरा घाला. आई, दोघांची आधार कार्डं कपाटातल्या निळ्या पिशवीत आहेत, ती आदल्या रात्रीच काढून ठेव.

तुमची,
मनू