बुधवारची सहल : ग्वाटेमालातील पकाया ज्वालामुखी आणि अँटिग्वा शहर

सर्व सहप्रवाशांना,
बुधवारी सकाळी ६ वाजता हॉटेलच्या दारातून बस सुटेल. आधी पकाया (२,५५२ मीटर), मग अँटिग्वा. दुपारी डोंगरावर ढग उतरतात, म्हणून हा क्रम बदलणार नाही.

• चढाई सान फ्रान्सिस्को दे सालेस गावातून, साधारण दीड ते दोन तास. वाट भुसभुशीत राखेची आणि बारीक खडीची. पाय चढताना मागे सरकतो, उतरताना घसरतो. घट्ट पकडीचे बूटच घाला. चपला, सँडल अजिबात नकोत.
• गुडघेदुखी किंवा दमा असणाऱ्यांनी पायथ्यालाच घोडा ठरवावा.
• दीड लिटर पाणी, वारारोधक जाकीट, सुटे केत्साल (इथले चलन) जवळ ठेवा.
• स्थानिक वाटाड्याला सोडून पुढे जाऊ नका. थिजलेला लाव्हा वरून गार दिसला तरी भेगांतून वाफ येते, कडा काचेसारख्या कापतात.

अँटिग्वा १७७३ च्या भूकंपापर्यंत ग्वाटेमालाची राजधानी होती. कॅथेड्रलचे छप्पर कोसळलेले अवशेष चुकवू नका. तिथे घाई करायची नाही. शाकाहारी मंडळींनी जेवताना विचारून घ्यावे, घेवड्याच्या लगद्यात बऱ्याचदा डुकराची चरबी असते.

परतीसाठी सायंकाळी ५ वाजता सांता कातालिना कमानीखाली जमावे.