निहारला घेऊन लास वेगसला येताना

हेंडरसन, नेवाडा
८ फेब्रुवारी

प्रिय माधवी,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. निहारच्या सुट्टीत, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, तुम्ही दोघे मायलेक लास वेगसला येण्याचे योजत आहात हे वाचून फार आनंद झाला. त्याच पत्रात पुढे तू लिहिले आहेस की, "पंधरा वर्षांच्या मुलाला जुगाराच्या गावी कशाला नेतेस?" असे पुण्याहून काकूंनी विचारल्यापासून तुझे मन डळमळले आहे. काकूंचा प्रश्न मला मुळीच गैर वाटत नाही. या गावाच्या शेजारी राहून मी माझी दोन्ही मुले वाढवली आहेत आणि हा प्रश्न मलाही अनेकदा पडलेला आहे. म्हणून आधी त्याचे उत्तर देते आणि मग कार्यक्रमाचे लिहिते.

जुगार लास वेगसला आहे आणि न्यू जर्सीतल्या तुमच्या एडिसनला नाही, असे आता म्हणता येत नाही. अटलांटिक सिटीत कॅसिनोंना परवानगी देण्याचा कौल न्यू जर्सीच्या मतदारांनी १९७६ मध्ये दिला आणि १९७८ मध्ये तेथील पहिला कॅसिनो उघडला, हे तुला ठाऊक असेलच. २०१३ पासून तुमच्या राज्यात घरबसल्या इंटरनेटवर कॅसिनोचे खेळ खेळता येतात, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरील पैजांची बंदी उठवली तीसुद्धा न्यू जर्सीनेच लढवलेल्या खटल्यात. निहार बास्केटबॉलचा सामना पाहतो तेव्हा मध्येमध्ये पैजांच्या जाहिराती त्याच्या डोळ्यांसमोरून जातातच. आज वयाचा कायदा त्याला अडवतो. परंतु एकविसावे वर्ष पूर्ण होईल त्या दिवशी तो बहुधा वसतिगृहाच्या खोलीत एकटा असेल, हातात फोन असेल आणि जवळ तू नसशील. त्याआधी त्याने ही गोष्ट आईच्या सोबतीने, मोकळेपणाने प्रश्न विचारत पाहिलेली असावी, असे मला मनापासून वाटते. कॅसिनोपासून त्याचे डोळे झाकत चार दिवस काढायचे असतील, तर मात्र येऊच नका. तशा सहलीत तुम्हां दोघांचीही फरफट होईल.

येण्यापूर्वी एका रविवारी जेवणाच्या टेबलावर त्याला वही-पेन्सिल घेऊन बसव आणि रूलेचे, म्हणजे फिरत्या चाकावर गोटी कोणत्या घरात पडेल यावर पैसे लावण्याच्या खेळाचे, गणित करायला सांग. अमेरिकी रूलेच्या चाकावर ३८ घरे असतात: १८ लाल, १८ काळी आणि शून्य व दुहेरी शून्य अशी दोन हिरवी. प्रत्येक फेरीला लालवर एक डॉलर लावत ३८ फेऱ्या खेळल्या, तर सरासरीने १८ वेळा एक डॉलर मिळतो आणि २० वेळा जातो, म्हणजे लावलेल्या ३८ डॉलरांत दोन डॉलरांची खोट येते. हे प्रमाण ५.२६ टक्के झाले. स्ट्रिपवरील, म्हणजे मोठ्या कॅसिनो-हॉटेलांच्या मुख्य रस्त्यावरील, कित्येक टेबलांवर आता तिसरे हिरवे घरही आले आहे आणि तेथे हीच खोट ७.६९ टक्के होते. एकाच आकड्यावर पैसे लावून जिंकले तर ३५ पट मिळतात, परंतु हरवणारी घरे ३७ असतात. नफा आहे तो या लहानशा फरकात, आणि ही सारी प्रचंड हॉटेले अशाच फरकांवर उभी राहिली आहेत. टेबलाजवळच्या फलकावर मागील फेऱ्यांचे आकडे झळकत असतात. चाकाला मागची फेरी आठवत नाही, त्यामुळे पुढच्या फेरीबद्दल तो फलक काहीही सांगू शकत नाही. तरीही माणसे त्याच्याकडे पाहून पैसे लावतात. निहारला हे दृश्य जाता-जाता अवश्य दाखव. काकूंनी द्यूतपर्वाची आठवण करून दिलीच, तर त्यांना माझ्या वतीने एवढे सांग, की शकुनीला कपटाचे फासे वापरावे लागले, येथे कपटाची गरजच नाही; सगळे नियम उघडपणे लिहिलेले असतात आणि हरणे त्या नियमांतच असते. माझ्या थोरल्याला हे कळले तेव्हा तो सोळा वर्षांचा होता आणि माझ्या दहा उपदेशांनी झाले नसते एवढे काम त्या एका हिशेबाने केले.

कायद्याच्या दृष्टीने एवढे लक्षात ठेव. एकवीस वर्षांखालील व्यक्तीला कॅसिनोच्या दालनातून वाटेने चालत जाता येते, मात्र मशीनजवळ किंवा टेबलाजवळ रेंगाळता येत नाही. तू खेळतेस आणि तो मागे उभा आहे, असेही चालत नाही. सुरक्षारक्षक लगेच येऊन हटकतो. गंमत म्हणून त्याच्या हाताने एखादे बटण दाबायला लावू नकोस, कारण अल्पवयीनाने जिंकलेले पैसे दिले जात नाहीत आणि प्रकरण विनाकारण वाढते. अठरा वर्षांखालील मुलांनी शुक्रवार-शनिवारच्या रात्री नऊनंतर पालकांशिवाय स्ट्रिपवर फिरण्यासही मनाई आहे. रस्त्यावर फोटोसाठी पैसे मागणाऱ्या, अपुऱ्या कपड्यांतल्या मुली दिसतील आणि कुणी अश्लील चित्रांची पत्रके हातात कोंबू पाहील. त्यांच्याकडे न थांबता पुढे जावे.

राहण्याच्या जागेबद्दल माझे मत पक्के आहे: कॅसिनो नसलेले हॉटेल घ्या. निहारला लहानपणी दम्याचा त्रास होता हे मी विसरलेले नाही. नेवाडात २००६ साली धूम्रपानाला आळा घालणारा कायदा झाला खरा, परंतु कॅसिनोची दालने त्यातून वगळली गेली, त्यामुळे बहुतेक मोठ्या हॉटेलांत खोलीकडे जाण्याच्या वाटेवरच सिगारेटचा धूर भेटतो. व्हडारा हे हॉटेल धूरमुक्त आहे, त्यात कॅसिनो नाही, खोल्यांत छोटेसे स्वयंपाकघर आहे आणि तेथून कारंज्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या बेलाजिओ हॉटेलपर्यंत पायी जाता येते. तेथे भाव जास्त वाटला तर पार्क एमजीएम पाहा. त्यात कॅसिनो आहे, पण संपूर्ण इमारत धूरमुक्त आहे. भाव पाहताना रिसॉर्ट फी या नावाने दर रात्रीमागे आकारली जाणारी वेगळी रक्कम धरूनच तुलना कर. मे २०२५ पासून एकूण रक्कम आधीच दाखवण्याचे बंधन केंद्रीय नियमाने आले आहे, तरी शेवटचा आकडा स्वतः तपासलेला बरा. शक्य असेल तर रविवार ते गुरुवार राहा, शुक्रवार-शनिवारचे दर फार चढतात.

आता दिवसांचे बोलू. न्यू जर्सीच्या घड्याळाने तुम्ही तीन तास पुढे असाल, म्हणून पहिल्या सकाळी निहारला न उठवताही पाच वाजता जाग येईल. ती सकाळ रेड रॉक कॅन्यनला द्या. गावाच्या पश्चिमेला, स्ट्रिपपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर, तेरा मैलांचा एकेरी रस्ता लाल वालुकाश्माच्या डोंगरांमधून फिरतो. ऑक्टोबर ते मे या काळात मोटारीसाठी ठरावीक वेळेचे आरक्षण लागते, ते आधीच करून ठेव. तेथे निहारला एक गोष्ट शोधायला सांग: लाल खडकांच्या माथ्यावर करड्या रंगाचा चुनखडक दिसतो आणि तो खालच्या लाल खडकापेक्षा कितीतरी जुना आहे. जुना थर वर आणि नवा खाली कसा, याचे उत्तर भूकवचातील रेट्यात आहे. त्या रेट्याने जुने खडक सरकून नव्यांवर चढले. एप्रिलमध्ये हवा सुखद असते. उन्हाळ्यात आला असतात तर मी हे सुचवलेच नसते, कारण ७ जुलै २०२४ रोजी येथे पारा ४८.९ अंश सेल्सिअसवर गेला होता.

दुसरा पूर्ण दिवस कोलोरॅडो नदीवरच्या हूव्हर धरणाचा, आणि त्यात काटछाट करू नका, ही माझी आग्रहाची विनंती. कराडला शिकत असताना अभ्याससहलीत आपण कोयनेचे धरण पाहिले होते. ते १०३ मीटर उंच, तर हे २२१ मीटर. परंतु उंचीपेक्षा मला तुझ्याकडून निहारला समजावून हवे आहे ते काँक्रीटचे काम. घट्ट होताना काँक्रीट तापते, हे आपल्याला पहिल्याच वर्षी शिकवले होते. एवढा मोठा बांध एकसंध ओतला असता तर तो थंड व्हायला सव्वाशे वर्षे लागली असती, असा अभियंत्यांचा हिशेब होता, आणि तोवर त्याला तडे गेले असते. म्हणून तो सुट्या चौकोनी स्तंभांत ओतला, प्रत्येक थरात लोखंडी नळ्या ठेवून त्यांतून थंड पाणी खेळवले आणि शेवटी त्या नळ्या व फटी सिमेंटने भरून घेतल्या. जून १९३३ मध्ये सुरू झालेले ओतकाम मे १९३५ मध्ये पूर्ण झाले. अधिकृत नोंदीप्रमाणे या बांधकामात ९६ माणसे दगावली, हेही त्याला सांग. आतील बोगद्यांत नेणारी सहल घ्या आणि त्यासाठी सकाळी लवकर पोहोचा. मग २०१० मध्ये खुल्या झालेल्या पुलावरून चालत जा. नदीपासून सुमारे २७० मीटर उंचीवरून सबंध धरण समोरून दिसते.

परतताना बोल्डर सिटीत थांबून जेवा. धरणाच्या मजुरांसाठी केंद्र सरकारने १९३१ मध्ये वसवलेले हे गाव आहे आणि तेथे जुगाराला आजही बंदी आहे. नेवाडाने जुगार कायदेशीर केला तोही १९३१ मध्येच, मार्च महिन्यात. एकाच वर्षी, एकाच वाळवंटात, तीस मैलांच्या आत या दोन्ही गोष्टी घडल्या. निहारच्या वयाच्या मुलाला या योगायोगावर विचार करायला वेळ मिळावा, म्हणून त्या दिवशी संध्याकाळी दुसरे काही ठरवू नका.

धरणामागच्या मीड जलाशयाच्या काठच्या खडकांवर पांढरा पट्टा दिसेल. पाणी पूर्वी तिथवर होते. लास वेगसचे सुमारे नव्वद टक्के पाणी याच जलाशयातून येते आणि कोलोरॅडोच्या खालच्या खोऱ्यातल्या तीन राज्यांत नेवाडाचा वाटा सर्वांत लहान आहे: वर्षाला कॅलिफोर्नियाला ४४ लाख एकर-फूट (एक एकरावर एक फूट उभे राहील एवढे पाणी म्हणजे एक एकर-फूट), ॲरिझोनाला २८ लाख आणि नेवाडाला अवघे ३ लाख. तरीही गाव तगून आहे, कारण येथे घरांत आणि हॉटेलांत वापरलेले बहुतेक सगळे पाणी शुद्ध करून पुन्हा जलाशयात सोडले जाते. बेलाजिओसमोरची कारंजी पाहताना निहार उधळपट्टीबद्दल नक्की विचारील. ते पाणी नदीचे नसून तेथे पूर्वी असलेल्या गोल्फ मैदानाच्या विहिरीचे आहे. कारंजी रात्री दर पंधरा मिनिटांनी होतात, पैसे पडत नाहीत, आणि मला स्वतःला ती अजूनही अतिशय आवडतात. २०२३ मध्ये उघडलेल्या स्फिअर या ११२ मीटर उंच गोलाची बाहेरची रोषणाईही फुकटच दिसते. आतील तिकीट महाग आहे, ते घेतले नाही तरी फारसे बिघडत नाही.

तिसऱ्या दिवसासाठी दोन संग्रहालये सुचवते. निऑन म्युझियममध्ये बंद पडलेल्या हॉटेलांच्या जुन्या दिव्यांच्या पाट्या उघड्यावर मांडून ठेवल्या आहेत. तेथे दिवेलागणीनंतर जा. अणुचाचण्यांचे संग्रहालय मात्र मन घट्ट करून पाहावे लागते. १९५१ ते १९९२ या काळात येथून साधारण पासष्ट मैलांवरच्या चाचणीस्थळी ९२८ अणुस्फोट झाले, त्यांतले शंभर उघड्या हवेत, आणि त्या काळी हॉटेलांच्या गच्च्यांवर उभे राहून पाहुणे ते ढग बघत असत. निहारला विसाव्या शतकाचा इतिहास आवडतो असे तू लिहिले आहेस. त्याला हे दाखवलेच पाहिजे.

ग्रँड कॅन्यनचा मोह मात्र या खेपेला आवर. दक्षिण कड्यापर्यंत जायला साडेचार तास आणि यायला तेवढेच लागतात. एका दिवसात ते उरकणे हा त्या जागेवर अन्याय होईल. त्यासाठी पुढे कधीतरी वेगळे या आणि तेथेच मुक्काम करा.

चौथा दिवस निहारच्या हाती दे. एक ठरावीक रक्कम त्याला दे आणि जेवणापासून प्रवासापर्यंत सगळे त्यालाच ठरवू दे. तो तुला पिनबॉलच्या जुन्या यंत्रांच्या संग्रहालयात नेईल की साडेपाचशे फूट उंच पाळण्यात बसवील हे मी सांगू शकत नाही, पण तू फक्त त्याच्या मागे चाल. पंधराव्या वर्षानंतर मुले आईबरोबर एकट्याने फिरायला फार वर्षे येत नाहीत, हे मी माझ्या दोघांवरून पाहिले आहे.

विमानाच्या वेळा ठरल्या की लगेच कळव, म्हणजे मी त्या दिवशी रजा टाकीन. विमानतळावर उतरताच स्लॉट मशीनच्या रांगा दिसतील, त्याची निहारला आधीच कल्पना देऊन ठेव. धरणाच्या दिवशी मी माझी मोटार घेऊन येते, कारण वाट आमच्या घरावरूनच जाते. आदल्या रात्रीचे जेवण आमच्याकडे ठरले असे समज. त्याला भरली वांगी अजून आवडतात का, तेवढे लिही. काकूंना माझा साष्टांग नमस्कार कळव, आणि त्यांना माझ्याशी या विषयावर बोलायचे असेल तर अवश्य फोन करायला सांग.

तुझी,
शुभांगी