जामन्याच्या चर्चचा कळस बुडण्याआधी : रोमानियाच्या पर्यावरण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पर्यावरण मंत्री,
रोमानिया सरकार, बुखारेस्ट

मंत्रिमहोदय, नमस्कार.

या पत्राची रोमानियन प्रत सोबत जोडली आहे. मूळ पत्र मराठीत आहे, कारण गाव बुडतं म्हणजे काय होतं हे मला याच भाषेत कळलं. माझ्या आजीचं गाव उजनी धरणात गेलं. १९८० साली धरण पुरं झालं आणि भीमेकाठचं आमचं गावठाण, मळा, पिंपळाचा पार, सगळं फुगवट्याखाली आलं. त्याच सुमारास तुमच्या अपुसेनी डोंगरांत जामना गाव रिकामं केलं जात होतं. गेल्या सप्टेंबरात मी ते पाहून आले.

आल्बा जिल्ह्यातल्या लुपशाच्या हद्दीतलं हे गाव. जामना म्हणजे तुमच्या भाषेत जुळी. डोंगरात राहणाऱ्या मोत्सी लोकांची वस्ती, उतारावर विखुरलेली घरं, खांबाभोवती रचलेल्या गवताच्या उंच गंजी. याच मोत्सींनी १७८४ मध्ये होरिया, क्लोश्का आणि क्रिशान यांच्या मागे जाऊन जमीनदारांविरुद्ध बंड केलं होतं. मग जवळच्या रोशिया पोयेनचं तांबं काढायचं ठरलं आणि तेव्हाचा हुकूमशहा चाउशेस्कू याच्या राजवटीने खाणीचा गाळ टाकायला शेसेई ओढ्याची दरी निवडली. त्या दरीत माणसं राहत होती. १९७८ च्या आसपास सुमारे ४०० कुटुंबं उठवली गेली.

गाळ एवढा का, हे मला तिथे जाईपर्यंत उमगलं नव्हतं. तिथला हजार किलो खडक दळला तर त्यात चार किलोही तांबं नसतं. बाकीचं सगळं पीठ पाण्यात कालवून दरीत सोडतात. त्यात पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधकाचं खनिज असतं. त्याला हवा-पाणी लागलं की गंधकाम्ल तयार होतं आणि ते खडकातले धातू विरघळवतं. म्हणून ते तळं कुठे विटकरी, कुठे पिवळं, कुठे मोरपंखी दिसतं. लोक त्याचे फोटो काढायला लांबून येतात. मीही एक काढला आणि गाडीत बसल्यावर पुसून टाकला.

चर्चचा कळस अजून वर आहे. बाकी देऊळ खाली. (आम्ही कुठल्याही देवाच्या घराला देऊळच म्हणतो, राग मानू नका.) गाळ सुकून कडेला पापुद्रे धरलेला, त्यावर पाऊल टाकू नका म्हणून वरून एका आजींनी हाक मारली. उतारावर त्या गवत उलटत होत्या. आमच्याबरोबर दुभाषी होता. आजींनी हातातला दंताळ्याचा दांडा तळ्याकडे रोखला आणि सांगायला लागल्या : तिथे शाळा, त्याच्या खाली आमचं घर, त्या पिवळ्या पट्ट्याशी दफनभूमी. माझी आजी उजनीच्या काठावर उभी राहून काठीने अगदी अशीच पाण्यावर गाव काढून दाखवायची.

फरक एकच आहे, आणि त्यासाठीच हे पत्र. उजनीचं पाणी उन्हाळ्यात ओसरतं. मे महिन्यात पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, माणसं जाऊन नारळ फोडतात, आमच्या घराचं जोतं सापडतं का बघतात. गाळ ओसरत नाही. तो दरवर्षी जवळजवळ मीटरभर चढतो असं तिथले लोक सांगतात. दफनभूमी हलवू असं आश्वासन मिळालं होतं, हेही तेच सांगतात. आजींचे आईवडील गाळाखालीच आहेत. त्या मेणबत्ती उतारावरच्या एका दगडाशी लावतात.

त्याच जिल्ह्यात, त्याच डोंगरात रोशिया मोंताना हे गाव आहे. तिथल्या रोमन खाणींत मेण लावलेल्या लाकडी पाट्या सापडल्या; त्यातल्या एकीवर इसवी सन १३१ ची तारीख आहे. तिथे होऊ घातलेल्या सोन्याच्या खाणीविरुद्ध २०१३ मध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले, ती खाण थांबली, २०२१ मध्ये युनेस्कोने ते गाव जागतिक वारशात घेतलं. फार चांगलं झालं. पण अठराशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या खाणकामगाराचं नाव जपणाऱ्या देशाला १९७८ च्या गावकऱ्यांची नावं जपता येत नाहीत, हे मला पटत नाही.

खाण बंद करा असं मी म्हणत नाही. तिच्यावर लोकांची चूल पेटते. माझं मागणं लहान आहे. उठवलेल्या कुटुंबांतली वडीलधारी माणसं हयात आहेत तोवर त्यांच्याकडून जामन्याचा घरवार नकाशा करून घ्या. दफनभूमीतल्या नावांची यादी करा आणि ती उतारावर, गाळ पोचणार नाही अशा उंचीवर, दगडात कोरा. नकाशाची एक प्रत लुपशाच्या वस्तुसंग्रहालयात ठेवा. आणि शेसेईचं पाणी जिथे आरियेश नदीला मिळतं तिथे आम्लाचं आणि धातूंचं मोजमाप रोज फलकावर लिहा. ते पाणी पुढे मुरेश, तिसा करत डॅन्यूबला जातं. वाटेतल्या प्रत्येक गावाला ते कळायला हवं.

पुढच्या सप्टेंबरात मी पुन्हा जाणार आहे. मेणबत्त्या इथूनच घेऊन जाईन. कुठल्या दगडाशी लावायच्या, ते तोवर ठरलेलं असावं.

आपली नम्र,
उजनीच्या बुडीत गावातली एक नात
ता. इंदापूर, जि. पुणे