संगणक विकण्यापूर्वी हार्ड डिस्क नीट पुसावी

महोदय,

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट्स बंद केल्यानंतर नाशिकमध्येही अनेकजण जुने संगणक विकत आहेत. ‘क्विक फॉरमॅट’ मारून विंडोज नव्याने टाकले की सारे पुसले गेले, ही समजूत घातक आहे. हार्ड डिस्कवर त्याने केवळ फायलींची नोंद कोरी होते; आधार कार्डाची प्रत, पासबुक, द्राक्षबागेच्या कर्जाची कागदपत्रे त्या जागी नवे काही लिहिले जाईपर्यंत परत मिळवता येतात. विंडोजच्या ‘रीसेट’मध्ये सर्व काही काढण्याबरोबर ‘क्लीन डेटा’ हा जुनी माहिती सहज परत मिळू नये अशी पुसणारा पर्याय असतो. त्याला कित्येक तास लागू शकतात, तरीही दुरुस्ती करणाऱ्यांनी तो ग्राहकाला स्वतःहून सांगितलाच पाहिजे, आणि बॅकअप झाल्याची खात्री त्याआधी करून घ्यावी.

– एक वाचक, नाशिक