पोटाला मिळतंय म्हणून गप्प बसायचं का, बाबा?

प्रिय आई आणि बाबा,

परवा फोनवर बाबा तुम्ही म्हणालात की गरिबाला आधी पोटाला पाहिजे, हक्क, मोर्चे, बोलायचं स्वातंत्र्य हे सगळं पोट भरलेल्या लोकांचं, आणि लगेच फोन आईकडे दिलात, माझं बोलणं राहूनच गेलं. म्हणून लिहितेय. पत्रात तुम्ही मला मधे तोडू शकत नाही ना.

72 च्या दुष्काळाच्या गोष्टी तुमच्याकडूनच ऐकत मोठी झाले मी. सिन्नरच्या माळावर तुम्ही खडी फोडलीत, आई आजीच्या मागे मागे बंडिंगच्या, म्हणजे शेताला बांध घालायच्या कामावर जायची, मिलो ज्वारीची लाल भाकरी, कामावर खायला वाटायचे ती सुकडी. आई नेहमी म्हणते सरकारनी जगवलं. खरंच आहे, 73 च्या उन्हाळ्यात राज्यात जवळपास 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. पण सरकारला जागं कोणी ठेवलं? गावोगावचे लोक तहसीलवर जाऊन कामं काढा म्हणून बसत होते, पेपरात छापून येत होतं, विधानसभेत विरोधक सोडत नव्हते, तिकडे मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर बायकांना घेऊन हातात लाटणी धरून महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या होत्या. चीनमध्ये त्याच्या दहा-बारा वर्षं आधी दुष्काळात काही कोटी माणसं गेली, कारण खालचे अधिकारी भरपूर पिकलंय म्हणून फुगवलेले आकडे वर पाठवत राहिले आणि खोटं आहे म्हणून सांगायची कोणाची टाप नव्हती, ना पेपर ना विरोधी पक्ष. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन हेच सांगत आले, निवडणुका आणि मोकळे पेपर असले की तसा माणसं मारणारा दुष्काळ पडत नाही. रोजची अर्धपोटी भूक मात्र लोकशाहीतही राहते हेही तेच सांगतात, आणि ते आपल्या पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी पाड्यांकडे बघितलं की कळतंच. मेलेल्या माणसाची बातमी होते, रोज कमी जेवणाऱ्या पोराची होत नाही, म्हणून तर तिथे अजून जास्त बोलायला पाहिजे.

आणीबाणीचं तुम्ही कौतुक करता, शिस्त होती म्हणता. गरिबांसाठी 20 कलमी कार्यक्रम होता, मान्य. पण त्याच लाटणं घेतलेल्या बायका तेव्हा तुरुंगात होत्या, पेपरांवर सेन्सॉर होता, आणि नसबंदीला देशभर पकडून नेलं कोणाला, तर गरिबालाच. 77 ला सरकार पाडलं तेही त्याच गरिबांनी मत देऊन, भाकरीसाठी नाही दिलं ते मत.

आणि बाबा, रोजगार हमी ही कोणाची मेहेरबानी नव्हती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ती मांडली, मागेल त्याला काम, 1977 मधे विधिमंडळात कायदा झाला, 2005 ला दिल्लीनी देशासाठी तसाच कायदा केला. माझ्या पगारातून महिन्याला 200 रुपये प्रोफेशन टॅक्स कापतात ना, तो मुळात या रोजगार हमीसाठीच लावलेला. मला ते कापलेले पैसे बघून बरं वाटतं, खरंच.

आता तुमच्या रेशनचं. आईनी मला सगळं सांगितलं, तिला रागवू नका. मशीनवर तुमचा अंगठा लागत नाही, दुकानदार पुढच्या महिन्यात बघू म्हणतो आणि तुम्ही रिकामी पिशवी घेऊन परत येता. आयुष्यभर दगड फोडून बोटांच्या रेघा पुसल्या, यात तुमचा काय दोष? माणशी 5 किलो धान्य 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने तुमचं आहे, मशीननी ओळखलं नाही म्हणून लाभ नाकारला जाणार नाही हे 2018 च्या आधारच्या निकालात सुप्रीम कोर्टानी नोंदवलंय. हक्काचं धान्य दिलं नाही तर त्याच कायद्यात भत्ता आहे, जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी आहे.

तुम्ही आईला म्हणालात, तक्रार केली तर होतं तेही कार्ड बंद करतील. हे ऐकून मला खूप वाईट वाटलं. धान्य जाईल या भीतीनी तोंड बंद ठेवायचं आणि तोंड बंद म्हणून धान्य पण नाही, मग आधी पोट आणि मग हक्क हे नक्की कुठल्या गावात चालतं सांगा? 2018 ला नाशिकच्या सीबीएस चौकातून आदिवासी शेतकरी चालत मुंबईला गेले, वनजमिनीसाठी, मी बघायला उभी होते, त्यांच्यात तुमच्यापेक्षा म्हाताऱ्या बाया होत्या. त्यांच्याकडे गमवायला तुमच्यापेक्षा कमीच होतं असं नाही.

रविवारी पहिल्या गाडीनी सिन्नरला येतेय. अर्ज मी लिहून आणते, कार्डाची आणि आधारची झेरॉक्स काढून ठेवा, दुकानात कुठल्या तारखांना गेला होतात ते आईला विचारा, तिच्या लक्षात असतं. सोमवारी तहसीलला पुरवठा शाखेत आपण दोघं जाऊ, आणि पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही. अर्जाखाली सही मात्र तुमचीच पाहिजे बाबा, माझी नाही चालणार.

आईला गुडघ्याचं तेल आणतेय.

तुमची,
ताई